रक्तातली राखण

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या कडेने गेल्या काही वर्षांत बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली, आणि त्यांच्या फाटकांआड पन्नास-साठ किलोचे कुत्रे आले. रॉटवायलर तर सर्रास दिसतो. त्याशिवाय केन कोर्सो, मास्टिफ, आणि अधूनमधून कॉकेशियन शेफर्ड किंवा कंगाल. मालक मुंबईत किंवा पुण्यात, कुत्रा आणि त्याला सांभाळणारा गडी इथे. काही विपरीत घडलं की वाडीत दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. "ही जातच वाईट," हे एक. "जातीवर काही नसतं, सगळं वाढवण्यावर असतं," हे दुसरं. दोन्ही बोलायला सोपी आहेत आणि दोन्हींत अर्धंच खरं आहे. पिल्लू आणण्याआधी उरलेलं अर्धं समजून घेतलं नाही, तर त्याची किंमत शेजारची पोरं मोजतात आणि शेवटी तो कुत्राही मोजतो.

स्वभाव वारशाने येतो. राखणीच्या जातींत तर तो मुद्दाम आणलेला असतो. कंगालचं उदाहरण घ्या. तुर्कस्तानातल्या सिवास भागातला हा मेंढपाळांचा कुत्रा. माळावर अंधारात मेंढपाळ झोपलेला असताना लांडगा आला, तर काय करायचं ते कुत्र्यानेच ठरवायचं. हुकमाची वाट बघणारा कुत्रा तिथे बिनकामाचा. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुत्र्यांची पिल्लं पुढे आली, जे स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेत होते. कॉकेशियन, मध्य आशियातला अलाबाय, तिबेटी मास्टिफ, इटलीतला मारेम्मा, आपल्याकडचा हिमाचली गद्दी आणि काश्मीरचा बकरवाल हे सगळे याच कामाचे. तुर्कस्तानात आणि हिमालयातही या कुत्र्यांच्या गळ्यात टोकदार लोखंडी पट्टे घालायची रीत आहे, कारण श्वापद पहिला हल्ला गळ्यावर करतं. काम काय होतं याची कल्पना त्या पट्ट्यावरून यावी.

या कुत्र्यांची खरी खूण मात्र वेगळी आहे. शिकारीची ओढ त्यांच्यात कमी असते. मेंढरू पळालं तरी ते त्याच्या मागे लागत नाहीत. आणि लहानपणी ज्यांच्यात वाढतील त्यांनाच ते आपलं मानतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकात युरोप आणि तुर्कस्तानातून असे कुत्रे आणून शेतकऱ्यांना दिले. जी पिल्लं लहानपणापासून मेंढ्यांत राहिली ती मेंढ्यांची झाली, माणसांत रमलेली पिल्लं मेंढ्या सोडून घराकडे येत राहिली. ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूलजवळच्या मिडल आयलंडवर २००६ पासून मारेम्मा कुत्रे पेंग्विनची राखण करत आले आहेत. पेंग्विनची राखण कुठल्याही कुत्र्याच्या रक्तात नसते. रक्तातून राखण तेवढी येते. कुणाची राखण करायची आणि कुणापासून, हे पहिल्या काही महिन्यांत ठरतं. हे एवढं ध्यानात घेतलं की कोकणातल्या बंगल्यांत काय चुकतं ते आपोआप दिसू लागतं. पिल्लू जर पिंजरा आणि एका गड्याच्या सोबतीने वाढलं, तर त्याच्या दृष्टीने जग म्हणजे तो पिंजरा आणि तो गडी. उरलेली माणसं, मालकाची मुलं धरून, परकी.

सगळे मोठे कुत्रे एका मापाने मोजू नयेत. रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावाच्या नावाचा, गुरं हाकणारा आणि खाटकांच्या गाड्या ओढणारा कुत्रा. डोबरमन जर्मनीतल्याच आपोल्डा गावातल्या एका करवसुली करणाऱ्याने १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात घडवला. हे दोघे माणसाकडे बघत काम करणारे आहेत, शिकवलं तर पटकन शिकतात, आणि चुकीचं शिकवलं तर तेही तितक्याच पटकन शिकतात. डोगो अर्जेंटिनो रानडुकराच्या शिकारीसाठी तयार केला गेला, त्याला धरायचं माहीत असतं आणि धरलेलं सोडायचं शिकवावं लागतं. ब्राझीलच्या फिलाची गोष्ट तर स्पष्टच आहे. परक्या माणसाबद्दलची नावड हा त्या जातीचा गुण म्हणून पैदासकारांनी जपला. असा कुत्रा घरी आणायचा आणि वर पाहुण्यांनी त्याला गोंजारावं अशी इच्छा धरायची, हे त्या मुक्या जिवावर अन्याय करणं आहे.

मग जातीवरून स्वभाव सांगता येतो का? २०१९ साली १०१ जातींच्या १४,००० हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की परक्यावर धावून जाणं, शिकवण घेणं, पाठलाग करणं अशा बाबतींत जातीजातींमधला फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. २०२२ च्या दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मात्र एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला. दोन्हींत विरोध नाही. पहिला जातींच्या सरासरीबद्दल बोलतो, दुसरा आपल्या दारातल्या एका कुत्र्याबद्दल. एकाच जातीत शांत घराणी असतात आणि चावरी घराणीही असतात. म्हणून विकत घेणाऱ्याने जातीचं नाव वाचण्यापेक्षा आईबाप बघावेत.

आईबाप बदलले की पिल्लं किती लवकर बदलतात, हे रशियात नोव्होसिबिर्स्कला १९५९ साली सुरू झालेल्या कोल्ह्यांच्या प्रयोगाने दाखवलं. दिमित्री बेल्यायेव यांनी दरवेळी माणसाला कमीत कमी बुजणारे कोल्हे तेवढे निवडले, आणि थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवत जवळ येणारी पिल्लं जन्मली. पुढे त्याच केंद्रात उलट निवड करून माणसावर चवताळून येणारी शाखाही तयार झाली. आपल्या बाजारात निवड कशाची होते? डोकं केवढं, छाती किती रुंद, पंजा किती जाड. विक्रेता 'हेवी बोन', 'डबल बोन' सांगतो आणि गिऱ्हाईक त्यावर पैसे मोजतं. स्वभाव कुणी विचारत नाही, म्हणून त्याची निवडही कुणी करत नाही. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, आई परक्याला बघून काय करते ते त्यात लिहिलेलं नसतं.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींच्या आयात, विक्री आणि पैदाशीवर बंदी घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठवलं. साधारण महिन्याभरात कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं म्हणून. त्या यादीत कंगाल होता, रॉटवायलर होता, आणि चक्क सरसकट 'टेरियर' आणि 'मास्टिफ' असेही शब्द होते. मला वाटतं, यादी करण्यापेक्षा २०१७ चे पैदाशीचे नियम जरी नीट पाळले गेले तरी पुष्कळ फरक पडेल. पैदास करणाऱ्याची नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाच्या आत कुत्रीची जोडी लावायची नाही, वर्षाला एकच वेत. यातली आठ आठवड्यांची अट सर्रास मोडली जाते. भावंडांत खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळतं आणि खेळ थांबतो, यातून चाव्याचा जोर आवरायला ते शिकतं. पाच आठवड्यांचं पिल्लू उचलून आणलं की ही शाळा बुडते, आणि ती चूक साठ किलोच्या कुत्र्यात महाग पडते.

आता कोकणातलं घर बघा. ते बंद नसतंच. वाडीतली पाखाडी (दगडी पायवाट) कुणाच्या तरी खळ्यातून जाते. विहिरीवर शेजारची बाई येते, पाडेली नारळ उतरवायला येतो, मासेवाली टोपली घेऊन थेट पडवीशी येते. गणपतीत आरतीला अख्खी वाडी घरात असते. शिमग्याला पालखी घरोघर फिरते आणि तिच्यासमोर फाटक लावून घेणं कुणाच्या मनातही येत नाही. ज्या जनावराच्या रक्तात 'अंधारात परका आला तर उठ' एवढंच पक्कं कोरलेलं आहे, त्याला आपण अशा दारात आणून बांधतो.

पालखीच्या रात्री त्या कुत्र्याकडे नीट बघावं. लांबून ढोल ऐकू आला की तो भुंकतो. तोपर्यंत काही बिघडलेलं नसतं, भुंकणारा कुत्रा अजून 'लांब राहा' एवढंच सांगत असतो. ढोल कोपऱ्यावर आले की भुंकणं तुटक होतं आणि मग एकदम थांबतं. धोक्याची वेळ ती. उघडं तोंड मिटतं. अंगाचं वजन पुढच्या पायांवर येतं. मानेपासून शेपटीच्या बुडख्यापर्यंत केसांची पट्टी उभी राहते. शेपूट वर ताठ, आणि तिचं फक्त टोक सावकाश हलत असतं. बघणारा म्हणतो, "बघा, शेपूट हलवतोय." मान न वळवता तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो आणि बुबुळाच्या कडेला पांढरं दिसतं. मग गुरगुर, छातीतून येणारी, जवळजवळ ऐकू न येणारी. याच क्षणी मालक त्याच्या पाठीत रट्टा घालतो. तसं दोन-चारदा झालं की कुत्रा गुरगुरणं सोडून देतो, मनातलं मात्र तसंच राहतं. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो आणि सगळे म्हणतात, अचानक चावला. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये, अंतर वाढवावं. पालखीच्या दिवशी तर त्याला ढोल लागायच्या तासभर आधी मागच्या खोलीत न्यावं, दाराला बाहेरून कडी, पंखा चालू, आणि चघळायला मोठं हाड.

'अचानक' या शब्दाचं आणखी एक कारण वयात आहे. हे कुत्रे उशिरा प्रौढ होतात. दहा महिन्यांपर्यंत कुणाच्याही मांडीवर बसणारं पिल्लू बारा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान बदलू लागतं, काही जातींत तीन वर्षांपर्यंत बदलत राहतं. कुणी काही केलेलं नसतं. वारसा तेव्हा जागा होतो. आधीचा गोडपणा बघून 'आमचा तसा नाही' असं ठरवणाऱ्यांचं तिथेच चुकतं.

पिल्लाच्या मनाचं दार साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत उघडं असतं. या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं, ते पुढे साधं वाटतं. आता हिशोब करा. जूनच्या मध्यावर दोन महिन्यांचं पिल्लू आणलं तर ऑगस्ट येईपर्यंत त्याची ही मुदत संपते. हे सगळे आठवडे धो धो पावसात, पडवीच्या जाळीआड जातात. इरलं नाहीतर रेनकोट घातलेला एखादा माणूस सोडला तर त्याला कुणी दिसतच नाही. आणि मग त्याची माणसांच्या गर्दीशी पहिली ओळख होते ती थेट गणपतीत. कोकणात या जातींचं पिल्लू आणायचंच असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणावं. पाऊस गेलेला असतो, बागेत माणसं असतात, रस्ते कोरडे असतात. पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचं झालं की लसींचा क्रम पुरा होतो, तोवर पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाच्या भीतीने त्याला मोकाट कुत्रे फिरतात त्या जमिनीवर टेकवू नये. पण कडेवर घेऊन एसटी स्टँडवर, मासळीच्या लिलावाला, शाळा सुटताना फाटकाशी न्यायला काही हरकत नाही. छत्रीवाला, हेल्मेटवाला, काठी टेकत चालणारी म्हातारी, कोयता खांद्याला लावलेला पाडेली, सगळे लांबून दिसू द्यावेत. प्रत्येक वेळी तोंडात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. परक्याने त्याला हात लावलाच पाहिजे असं नाही. परका आला आणि काही वाईट झालं नाही, एवढं त्याला कळलं तरी पुरे. सगळ्यांवर माया करणारा कुत्रा त्यातून होणार नाही, आपला अंदाज घेऊन थांबणारा कुत्रा होईल.

पिल्लू बघायला जाताना आई बघावी, आणि तीही तिच्या जागेत. आपण आत गेल्यावर ती भुंकेल, ते चालेल. मालकाने समजावल्यावर पाच-दहा मिनिटांत ती शांत होऊन हुंगायला येते का, की कोपऱ्यात शेपूट घालून सतत गुरगुरत राहते? भित्री आई जास्त वाईट. भीती रक्तातून जाते, आणि पिल्लं आईकडे बघून शिकतात म्हणून पुन्हा दुसऱ्या वाटेनेही जाते. आई दाखवायला टाळाटाळ केली तर तिथून परत फिरावं. बापही बघावा, निदान तो घरातल्या पोरांत वावरतो की कायम पिंजऱ्यात असतो ते विचारावं. दोघंही दोन-अडीच वर्षांच्या पुढची असावीत, कारण त्याआधी त्यांचा खरा स्वभाव त्यांच्या मालकालाही कळलेला नसतो. याआधीच्या वेतातली पिल्लं कुणाकडे गेली ते विचारून त्यांतल्या दोघा-तिघांना फोन करावा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला उताणं पाडून वगैरे ज्या परीक्षा घेतात, त्यांवरून मोठेपणीचं फारसं काही कळत नाही.

जागेची तयारी पिल्लू येण्याआधी व्हावी. जांभ्याचा गडगा कंबरेएवढा असतो, आणि बिनचुन्याचा गडगा पावसात कुठेतरी ढासळतोच. कुत्रा नेमका त्याच वाटेने बाहेर पडतो. निदान सहा फूट उंचीचं पक्कं कुंपण हवं, खाली उकरून जाता येऊ नये म्हणून फूटभर जाळी जमिनीत पुरलेली. दुहेरी फाटक मला अत्यावश्यक वाटतं. बाहेरचं उघडलं तरी आतलं बंद, मधे पाच-सहा फूट जागा, आणि गॅसचं सिलिंडर, दूध, टपाल सगळं त्या मधल्या जागेत. वाडीची पाऊलवाट जर आवारातून जात असेल तर कुंपण तिच्या आत घ्यावं. वाट अडवली की गावाशी भांडण, आणि वाट आत ठेवली की चावा ठरलेला. साखळीला बांधून ठेवणं सगळ्यांत घातक. दिवसभर माणसं दिसतात पण पोचता येत नाही, त्या चरफडीने राग वाढतो. रात्री साखळीला बांधलेला कुत्रा बिबट्याला सोपा मिळतो, मग तो साठ किलोचा का असेना. खाऱ्या हवेत पट्ट्याचा साधा लोखंडी हूक आतली स्प्रिंग गंजून एका हिसक्यात सुटतो, तेव्हा स्टेनलेस किंवा पितळी घ्यावा आणि तरीही दर महिन्याला उघडझाप करून बघावा. तोंडाला जाळीची टोपलीसारखी मुसकी असावी, जिच्यात त्याला पूर्ण तोंड उघडून धापा टाकता येतात. नायलॉनची घट्ट पट्टी या दमट उकाड्यात जीव घेऊ शकते.

हवेचा आणि स्वभावाचाही संबंध आहे, तो फारसा कुणी जोडत नाही. कॉकेशियनचं दुपदरी केसाळ अंग डोंगरातल्या बर्फासाठी आहे. कुत्रा धापा टाकून थंड होतो आणि हवेत ओल भरलेली असली की धापांचा उपयोग कमी होतो. मग मालक त्याला एसीच्या खोलीत ठेवतो. जीव वाचतो, पण माणसं दिसायची बंद होतात आणि संशय वाढतो. पावसाळ्यात कानात बुरशी, केसांखाली जखमा, अंगावर गोचिड्या आणि गोचिडताप. दुखणाऱ्या कानाला हात लागला की शांत कुत्राही चावतो. वागणं एकाएकी बदललं तर शिक्षकाच्या आधी पशुवैद्य गाठावा. कान, दात, कंबरेचे सांधे, रक्त हे सगळं तपासून घ्यावं.

सगळ्यांत मोठा प्रश्न मालक जवळ नसण्याचा आहे. हापूसच्या बागेत हंगामापुरता राखणीला आलेला नेपाळी गडी पावसाच्या तोंडावर गावी जातो. कुत्र्याचं जे काही नातं असतं ते त्याच्याशी. नवा माणूस त्याला घाबरतो, पिंजऱ्याच्या फटीतून भांडं सरकवतो, आणि कुत्रा त्या भांड्याचीसुद्धा राखण करू लागतो. सांभाळणारा बदलणार असेल तर निदान दोन-तीन आठवडे जुना आणि नवा एकत्र असावेत. रोजचं खाणं हळूहळू नव्याच्या हातून द्यावं, दिवसातून दोनदा. महिन्यातून दोन शनिवार-रविवार येणाऱ्या घराने या जातींच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली प्राण्याच्या बाबतीत हयगय केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कुत्रा गड्याच्या ताब्यात होता म्हणून मालकाने अंग काढून घेणं तर माणुसकीलाही धरून नाही.

चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं औषध) हेही लागतं. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावं.

राखणच हवी असेल तर कोकणातल्या बहुतेक घरांना दोन गावठी कुत्रे पुरतात. हवा सोसतात, भुंकून जागं करतात, वाडीतली माणसं ओळखतात. त्यांना रात्री बंद पडवीत आत घेतलं की बिबट्याचीही भीती कमी होते. पावसाळा संपला की देशावरून धनगरांचे वाडे (कुटुंबं आणि कळप) घाट उतरून येतात आणि कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात, तेव्हा त्यांच्यासोबतचे कुत्रे बघावेत. अंगाने हडकुळे, पण पायवाटेने जाणाऱ्याला जाऊ देतात आणि कळपात शिरू लागलेल्याला अडवतात. मेंढरावर किंवा पोरांवर उठणारा कुत्रा मेंढपाळ ठेवत नाही, त्यामुळे त्याची पिल्लंही वाड्यात उरत नाहीत.

आपल्याकडे ही निवड कुणी करत नाही. बंगल्यातला नर देखणा आहे म्हणून कुणीतरी आपली कुत्री घेऊन येतो आणि मेटिंगच्या बदल्यात एक पिल्लू ठरतं. त्या नराने गेल्या वर्षी कुणाला धरलं होतं हे सांगितलं जात नाही. ज्या कुत्र्याने विनाकारण माणसावर दात चालवलाय, किंवा जो परका दिसला की भीतीने थरथरतो, त्याची जोडी लावू नये, मग डोकं केवढंही मोठं असो. त्याची नसबंदी करून घ्यावी. नसबंदीने भटकणं कमी होईल, नरानरांची भांडणं कमी होतील. परक्यावरचा राग तिने जाईलच असं नाही, म्हणून अशा कुत्र्यासाठी दुहेरी फाटक, मुसकी आणि रोज त्याच ओळखीच्या माणसाच्या हातचं खाणं चालूच ठेवावं लागतं, तो म्हातारा होईपर्यंत.